मागणीचा माग

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. लिहिणाऱ्याचं नाव राहिलं नाही, पुस्तिका राहिली. तिला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो. भडोचच्या बंदरात काय खपतं, याची तीत यादी आहे. दारू, आणि त्यातही इटलीची जास्त चालते. तांबं, कथील, शिसं. पोवळी. काच. सोन्याचांदीची नाणी, कारण ती तिथल्या चलनात बदलली की नफा सुटतो. आणि भडक रंगाचे, हातभर रुंदीचे कमरपट्टे.

त्या पट्ट्यांच्या रुंदीने मी दर वेळी थक्क होतो. ‘कापड खपतं’ एवढं लिहून तो पुढे जाऊ शकला असता. पण कुणीतरी भडोचच्या बाजारात उभं राहून बघितलं होतं की लोक कोणता पट्टा उचलतात, कोणता परत ठेवतात. याच पुस्तिकेत आपलं पैठणही आहे: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. पैठणहून रंगीत दगड आणि तेरहून जाडंभरडं कापड, मलमल असा माल, जिथे धड रस्ता नाही अशा मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला यायचा. कोणत्या गावचा कोणता माल, तो कोणत्या वाटेने येतो, पुढे कोण घेतं, हे सगळं त्याने टिपलं. ऑनलाइन विक्रेते आज ज्याला ‘प्रॉडक्ट रिसर्च’ म्हणतात, ते हेच.

पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर, आपल्या छत्रपती संभाजीनगरात, क्रांती चौकातून रेल्वे स्टेशनकडे निघालं की उस्मानपुरा लागतो. संत एकनाथ रंगमंदिर, शासकीय तंत्रनिकेतन, पीर बाजारातली गर्दी. समजा, इथल्याच एका गल्लीत राहणाऱ्या एका ताईंना हिमरूचे स्टोल ऑनलाइन विकायचे आहेत. हिमरू हे आपल्या शहराचंच कापड: सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं, वर वेलबुट्टी. शहरातल्या मोजक्या मागांवर ते अजून निघतं. माल विणकर चाचांकडून येईल, फोटो मोबाइलवर निघतील, पार्सल न्यायला कुरिअरवाला दारात येईल. अडतं ते एका ठिकाणी. हे हवंय कुणाला, कुठे, कोणत्या महिन्यात आणि किती रुपयांपर्यंत? पेरिप्लसच्या लेखकाला हे कळायला समुद्र ओलांडावा लागला. ताईंना त्यासाठी लागणारी बहुतेक साधनं फुकट आहेत, आणि ती आतून कशी चालतात हे बघणं हा एक वेगळाच आनंद आहे.

सगळ्यात जवळचं साधन म्हणजे शोधाची चौकट. उदाहरणादाखल जास्त ओळखीचा शब्द घेऊ: खरेदीच्या कुठल्याही साइटवर ‘पैठणी’ लिहा आणि एंटर न दाबता थांबा. खाली पाच-दहा ओळी उलगडतात. त्या ओळी कुणी संपादकाने बसून लिहिलेल्या नसतात. आधी येऊन गेलेल्या असंख्य लोकांनी त्या शब्दापुढे काय लिहिलं, याचं ते सार असतं. गूगलवर ही सोय 2004 साली आली. केव्हिन गिब्स नावाच्या तरुण अभियंत्याने ती नेमून दिलेल्या कामाबाहेरच्या वेळात तयार केली. आता ती इतकी अंगवळणी पडली आहे की आपण तिच्याकडे बघतही नाही. विकणाऱ्याने मात्र बघावं. ‘पैठणी’नंतर एक जागा सोडून एकेक अक्षर टाकत जावं: क, ख, ग. मग तेच रोमन लिपीत करावं, कारण मराठी बोलणारी माणसंसुद्धा खरेदी करताना बऱ्याचदा रोमन अक्षरांतच लिहितात, आणि एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंगं करतात. कुणाला साडी हवी असते, कुणाला लहान मुलीचा परकर-पोलका, कुणाला पैठणीच्या काठाची पर्स, कुणाला नवरदेवाचा शेला. तासाभरात ताईंच्या हातात गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द येतात. गूगलची चौकट आणि खरेदीच्या साइटची चौकट यांत फरक आहे, तोही ध्यानात ठेवावा. गूगलवर माणूस पैठणी कशी धुवायची हेही विचारतो. खरेदीच्या साइटवर तो पाकीट हातात घेऊनच आलेला असतो.

शब्द मिळाले की पुढची पायरी गूगल ट्रेंड्स. हे 2006 पासून सर्वांना खुलं आहे आणि त्यात 2004 पासूनची नोंद दिसते. शब्द टाकला की आलेख येतो, एका वेळी पाच शब्दांची तुलना करता येते, राज्य आणि शहरापर्यंत खाली उतरता येतं. इथे बहुतेक जण एका गोष्टीत फसतात. आलेखातला 100 हा आकडा म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळात त्या शब्दाचा शोध ज्या वेळी सर्वाधिक होता त्या क्षणाला 100 धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात मोजतात. शिवाय हा वाटा असतो, संख्या नसते: त्या भागात झालेल्या एकूण शोधांपैकी किती शोध या शब्दाचे. म्हणून गोव्यासारखं लहान राज्य नकाशावर महाराष्ट्रापेक्षा गडद दिसू शकतं. तिथे जास्त माणसं शोधताहेत असं त्यातून निघत नाही, तिथल्या माणसांच्या मनात हा विषय अधिक दाट आहे एवढंच निघतं.

एवढं समजलं की तो आलेख वाचण्यात गोडी आहे. काळ्या साडीचा शब्द टाका आणि पाच वर्षांची रेघ बघा. संक्रांतीला काळं नेसायची आपली रीत. मग जानेवारीच्या आसपास उंचवटा दिसतो का, तो डिसेंबरच्या कितव्या आठवड्यात चढायला लागतो, संक्रांत झाल्यावर किती दिवसांत उतरतो? हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेवढी शेपूट आलेखाला आहे का? ज्याला महिनाभर आधी विणकराला ऑर्डर द्यायची आहे, त्याच्यासाठी ही चढाची तारीख सोन्याच्या मोलाची. आणखी एक बारकावा: ट्रेंड्समध्ये शब्द लिहिताना ‘शोधशब्द’ आणि ‘विषय’ असे दोन पर्याय समोर येतात. शोधशब्द निवडला तर देवनागरी आणि रोमन वेगवेगळे मोजले जातात. ‘विषय’ असेल तर निरनिराळ्या भाषांतले, निरनिराळ्या स्पेलिंगचे शोध एकत्र धरले जातात. दोन्ही बघावेत. दोन्हींतली तफावत हीच एक माहिती असते.

शोध म्हणजे खरेदी नव्हे, हेही गूगलनेच एकदा मोठी किंमत मोजून दाखवून दिलं आहे. 2008 साली त्यांनी लोकांच्या शोधांवरून अमेरिकेतल्या फ्लूची साथ ओळखायचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला अंदाज इतके जुळले की सगळे स्तिमित झाले. मग 2012-13 च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज डॉक्टरांकडे प्रत्यक्ष नोंद झालेल्या प्रमाणाच्या दुपटीवर गेला. साथीच्या बातम्या वाचून धडधाकट माणसंही फ्लूबद्दल शोधत होती, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं. 2015 मध्ये प्रकल्प बंद झाला. एखाद्या नटीने लग्नात पैठणी नेसली की त्या आठवड्यात शोधांचा जो डोंगर उभा राहतो, त्यात बघे किती आणि घेणारे किती, हे ट्रेंड्स सांगत नाही.

मग घेणारे कुठे दिसतात?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. ज्युडिथ शेव्हेलिअर आणि ऑस्टन गूल्सबी ही ती जोडी. गूल्सबी पुढे शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष झाले. अ‍ॅमेझॉन तेव्हा पुस्तकांसाठी ओळखलं जाई. कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती गेल्या हे कंपनी सांगत नसे. पण प्रत्येक पुस्तकाच्या पानावर एक आकडा असे: विक्रीच्या क्रमवारीत याचा क्रमांक अमुक. क्रमांक उघड, विक्री गुप्त. एकावरून दुसरी काढायची कशी?

त्यांनी असं एक पुस्तक हुडकलं, ज्याची दर आठवड्याची विक्री जवळपास स्थिर होती आणि ती किती हे प्रकाशकाकडून कळलं होतं. त्याचा क्रमांक टिपला. मग दहा मिनिटांत त्या पुस्तकाच्या सहा प्रती स्वतःच विकत घेतल्या आणि क्रमांक कुठल्या कुठे उडी मारतो ते बघितलं. झालं. आधीची विक्री आणि आधीचा क्रमांक हा एक बिंदू. सहा प्रतींची भर पडल्यावरची विक्री आणि नवा क्रमांक हा दुसरा. विक्री आणि क्रमांक यांचं नातं लॉगरिदमच्या कागदावर सरळ रेषेत येतं असं धरलं, तर दोन बिंदूंतून रेषा ओढता येते, आणि रेषा हाती आली की त्या दुकानातल्या कुठल्याही पुस्तकाच्या विक्रीचा अंदाज बांधता येतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या पुस्तकाच्या दुकानाचं झाकलेलं खातं उघडायला सहा पुस्तकांचा खर्च आला.

हा अभ्यास 2003 साली छापून आला. त्याच वर्षी एरिक ब्रिन्यॉल्फसन, जेफ्री हू आणि मायकेल स्मिथ यांनी एका प्रकाशकाच्या पुस्तकांची खरी विक्री आणि त्यांचे क्रमांक जुळवून तीच रेषा दुसऱ्या वाटेने काढली. त्यांच्या सूत्रात आकडे घातले की चित्र असं दिसतं: दहाव्या क्रमांकाचं पुस्तक आठवड्याला सुमारे 5,000 प्रती, शंभराव्याचं सुमारे 675, हजाराव्याचं 91, दहा हजाराव्याचं 12, आणि एक लाखाव्या क्रमांकाचं, आठवड्याला दीड-एक प्रत. दर वेळी क्रमांक दहापट मागे सरकतो आणि विक्री सुमारे साडेसात पटींनी घटते. वरच्या टोकाला किती गर्दी आणि खाली किती लांब शेपूट! पण त्या शेपटीतही कुणीतरी आठवड्याला एखादी प्रत घेतंच आहे, आणि अशी पुस्तकं लाखोंनी आहेत. हिमरूचा स्टोल विकायला निघालेल्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं असं मला वाटतं. गावातल्या दुकानाच्या फळीवर लाखाव्या क्रमांकाच्या वस्तूला कधीच जागा मिळाली नसती.

आज विक्रेत्यांना महिन्याची वर्गणी घेऊन विकली जाणारी जंगल स्काउट, हेलियम 10 यांसारखी साधनं ‘या वस्तूची महिन्याला अंदाजे इतकी विक्री’ असं दाखवतात. त्यांच्या पोटात तत्त्वतः हीच युक्ती असते, फक्त पुष्कळ जास्त बिंदूंवर बेतलेली. हे एकदा कळलं की त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं. पुस्तकांची रेषा साड्यांना लागू पडत नाही, अमेरिकेची भारताला पडत नाही, आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला शंभरावा क्रमांक म्हणजे आषाढातला शंभरावा क्रमांक नव्हे.

ताईंना वर्गणी भरायची नसेल तरी हरकत नाही. हव्या त्या चार-पाच वस्तूंचे क्रमांक रोज सकाळ-संध्याकाळ वहीत टिपले तरी पंधरा दिवसांत बरंच दिसतं. एखादी वस्तू क्वचितच खपत असेल तर तिचा क्रमांक दिवसेंदिवस हळूहळू मागे सरकत जातो, आणि एक विकली गेली की एकदम पुढे उसळतो. मग पुन्हा हळूहळू मागे. कागदावर मांडलं तर करवतीच्या दातांसारखी रेघ उमटते, आणि साधारणपणे एक दात म्हणजे एक गिऱ्हाईक किंवा एका झटक्यात आलेली दोन-चार गिऱ्हाइकं. जर्मनीतली कीपा नावाची सेवा अ‍ॅमेझॉनच्या भारतीय साइटवरच्या वस्तूंचीही अशी रेघ ठेवते. किमतीचा इतिहास फुकट दिसतो, क्रमांकाच्या इतिहासाला पैसे पडतात. किमतीचा इतिहासही बघण्यासारखा असतो. ‘80 टक्के सूट’ असं लाल अक्षरांत लिहिलेली साडी मागच्या वर्षभरात एकदाही त्या ‘मूळ’ किमतीला विकायला ठेवलेली नव्हती, हे त्या रेघेवरून दिसून येतं. आपली किंमत ठरवताना समोरच्याची आजची किंमत बघून घाबरायचं, की सणानंतर तो कुठे परततो ते बघून धीर धरायचा, हा निर्णय मग डोळसपणे घेता येतो.

परदेशात माल धाडायचा विचार असेल तर आणखी एक दार उघडं आहे, आणि तिथे फारच थोडे विक्रेते डोकावतात. ते म्हणजे एचएसएन कोड. जीएसटीच्या बिलावर तो लिहावा लागतो म्हणून लिहिला जातो. पण ही सगळ्या जगाने मिळून केलेली वस्तूंची यादी आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ती बांधली आणि 1 जानेवारी 1988 पासून ती लागू झाली. पाच हजारांहून अधिक गट. पहिले सहा आकडे जपानपासून ब्राझीलपर्यंत सारखे. आपण भारतात पुढे दोन जोडून आठ करतो. 50 वं प्रकरण रेशमाचं, 52 वं कापसाचं. शाली, स्टोल, स्कार्फ 6214 मध्ये. त्यातले रेशमी 621410.

आता हिमरूची गंमत बघा. सूतही आहे, रेशीमही आहे. मग प्रकरण कोणतं? नियम सांगतो: ज्या धाग्याचं वजन जास्त, त्याचं. नक्षी कशाची, झळाळी कशाची, नाव कशाचं, हे विचारायचंच नाही; तराजू काढायचा. आणि दोन्हींचं वजन अगदी सारखं भरलं तर? त्याचीही सोय आहे: अशा वेळी यादीत जे प्रकरण नंतर येतं ते धरायचं, म्हणजे 50 आणि 52 यांत 52. शेकडो वर्षांच्या कारागिरीचं कापड अर्ध्या-अर्ध्या वजनाचं निघालं तर सीमाशुल्काच्या दृष्टीने ते सुती. मला यात नुसती कारकुनी दिसत नाही. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या इतक्या देशांना एका कापडाबद्दल भांडण न होता बोलता यावं, म्हणून कुणीतरी इतक्या टोकापर्यंत विचार केला.

हा आकडा हाताशी आला की केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यातीच्या खुल्या आकडेवारीत तो टाकता येतो. भारतातून त्या गटाचा किती माल, किती रकमेचा, कोणत्या देशात गेला, वर्षानुवर्षं कसा बदलला, हे समोर येतं. एकेकाळी अशी माहिती पेढीवरच्या मुनीमजींच्या डोक्यात असे आणि त्यांच्याबरोबर जाई. आता ती ज्याला हवी त्याची आहे. टपाल खात्याने 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, त्यामुळे दोन किलोचं पार्सल परदेशी धाडणाऱ्यालाही हा आकडा उपयोगी पडतो.

बाजाराचा अभ्यास म्हणजे फक्त गिऱ्हाइकाचा अभ्यास असं समजून पुष्कळ नवे विक्रेते पुरवठादाराकडे बघायचं विसरतात. समजा, फोनवर गोड बोलणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याने अस्तराचं कापड द्यायचं कबूल केलं, आगाऊ पैसे मागितले आणि बिलावर जीएसटी नंबर दिला. त्या पंधरा अक्षरांत किती भरलेलं असतं ते बघू. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा 27. पुढची दहा अक्षरं त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. तेव्हा ‘आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे’ म्हणणाऱ्याच्या नंबरात ‘पी’ निघाला तर तिथेच थांबावं. तेरावं अक्षर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी ते दाखवतं, चौदावं सहसा ‘झेड’, आणि पंधरावं सगळ्यात सुंदर.

पंधरावं अक्षर कशाचंच नाव नसतं. ते आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं असतं. 0 ते 9 आणि मग ए ते झेड, अशी 36 चिन्हं. प्रत्येकाला 0 ते 35 किंमत. या किमतींना आळीपाळीने एकाने आणि दोनाने गुणायचं, गुणाकाराला 36 ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची, सगळं एकत्र करून पुन्हा 36 ने भागायचं, आणि जी बाकी उरेल ती 36 पर्यंत न्यायला जे चिन्ह लागेल ते शेवटी लावायचं. बाकी शून्य आली तर शून्यच. या युक्तीचा पाया आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1950 च्या दशकात घातला. आपल्या बँक कार्डांच्या आकड्यांतही तीच आहे. चौदांपैकी एकच अक्षर जरी चुकलं, तरी शेवटचं जुळत नाही. घाईत टाइप करताना झालेली चूक असो की कुणी मनाने रचलेला नंबर असो, गणित बहुधा तिथेच पकडतं.

आणि त्याही पुढे, जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही, लॉगिनशिवाय, तो नंबर टाकून बघता येतो. कायदेशीर नाव, व्यापाराचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, नेहमीची आहे की कंपोझिशनची, आणि विवरणपत्रं केव्हा-केव्हा भरली. शेवटची गोष्ट विशेष बघावी. वर्षभर विवरणपत्र न भरणाऱ्याने दिलेल्या बिलावर ताईंना कराचं क्रेडिट मिळायचे वांधे होतील. दोन मिनिटांचं काम, एक पैसा खर्च नाही.

आपल्या दुकानाला नाव देतानाही असंच एक खुलं दफ्तर आहे. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात नाव टाकावं, वस्तूंचा वर्ग निवडावा: कापड 24 मध्ये, पेहराव 25 मध्ये. तिथे उच्चारावरून शोधायचीही सोय आहे. स्पेलिंग वेगळं, पण कानाला सारखंच लागणारं नाव आधीच कुणी घेतलं असेल तर ते त्यात सापडतं. ‘पैठणी’ हे नाव मात्र कुणा एकाचं होऊ शकत नाही. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि ते त्या परंपरेत विणणाऱ्या सगळ्यांचं आहे.

हे सगळं यंत्राने वाचायचं. एक गोष्ट मात्र डोळ्यांनीच वाचावी लागते: आपल्यासारख्याच दुसऱ्या मालाखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय. पाच तारेवाले आणि एक तारावाले सोडून मधले वाचावेत. तीन तारे देणारा माणूस रागावलेला नसतो आणि भारावलेलाही नसतो. काय आवडलं आणि नेमकं काय खटकलं हे तो सांगतो. रंग फोटोपेक्षा फिका निघाला. लांबी कमी पडली. पैठणीच्या बाबतीत तर एक शंका पुन्हा पुन्हा येते: ही हातमागाचीच कशावरून? खऱ्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागी गुंतवून वळवलेला असतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात. मग पदराच्या मागच्या बाजूचा एक स्वच्छ फोटो का टाकू नये? गिऱ्हाईक ज्या प्रश्नापाशी अडतं तिथे उत्तर ठेवलेलं असावं. हिमरूच्या स्टोलसाठी तो प्रश्न बहुधा वेगळा असेल: हे काय आहे, अंगाला टोचतं का, घरी धुता येतं का. मराठवाड्याबाहेर हे नाव ओळखणारे थोडे. ट्रेंड्समध्ये ‘हिमरू’ टाकलं आणि एखाद्या राज्यात शून्य दिसलं, तर तिथे कुणीच शोधत नाही असा अर्थ घ्यायचा नाही. शोध इतके थोडे असले की ते शून्यच दाखवतात. अशा मालाला लोकांच्या ओळखीच्या शब्दाच्या आधाराने न्यावं लागतं: आधी ‘हातमागावरचा सिल्क-कॉटन स्टोल’, आणि लगेच ‘हिमरू’.

मग ऑर्डरी येऊ लागल्या की ताईंकडे असं एक साधन तयार होतं, जे कुठल्याही कंपनीकडून विकत मिळत नाही: पार्सलांवरचे पिनकोड. ही व्यवस्था एका मराठी माणसाची देणगी. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवी आणि नाटककार. सारख्या नावांची गावं, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, यांतून टपाल सुटावं म्हणून त्यांनी सहा आकड्यांची रचना केली, ती 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा; महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा 4. दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. उस्मानपुऱ्याचा 431005. 431 ने सुरू होणाऱ्यांत जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेडही येतात. लातूर आणि धाराशिव मात्र सोलापूरच्या 413 मध्ये. जिल्ह्यांच्या नकाशापेक्षा टपालाचा नकाशा निराळा, कारण तो थैल्या कोणत्या वाटेने जातात त्यावर आखला गेला.

पन्नास-साठ पार्सलांचे फक्त पहिले तीन आकडे एका रकान्यात मांडावेत आणि चढत्या क्रमाने लावावेत. 400 मुंबई, 411 पुणे, 440 नागपूर, 500 हैदराबाद, 560 बेंगळुरू. शेजारच्या रकान्यात रंग, तिसऱ्यात परत आलं की राहिलं. मग दिसू लागतं की 560 ला गडद निळा जातो आणि राहतो, 411 ला जातो आणि परत येतो, आणि 431 मधून जवळजवळ काहीच मागणी नाही, कारण इथल्या माणसाला हिमरू दुकानात जाऊन हात लावून घेता येतं. हे आकडे मी उदाहरणादाखल धरले. ताईंच्या वहीत वेगळंच काही निघेल. चाचांच्या मागावर पुढचा ताणा कोणत्या रंगाचा चढवायचा हे ठरवायला तेवढे तीन रकाने पुरतात.